मुलाखतीला बूट कोणते?

माझ्या पहिल्या मुलाखतीला माझा बूट लिफ्टच्या दारात सुटला. नाडी नाही सुटली, तळच सुटला. मोठ्या भावाच्या लग्नात घेतलेले ते बूट चार वर्षं खोक्यात कागदात गुंडाळून ठेवले होते. दिसायला अगदी कोरे. बसस्टॉपपासून इमारतीपर्यंत चालत गेलो आणि मागे वळून पाहिलं, तर पायऱ्यांवर काळा चुरा पडलेला, करपलेल्या टोस्टचा पडावा तसा. मुलाखतभर मी पाय खुर्चीखाली ओढून बसलो होतो. समोरचे काय विचारताहेत यापेक्षा उठून जाताना टाच कशी उचलायची, याचाच विचार चालला होता. नोकरी मिळाली नाही. त्याचा दोष बुटांना देत नाही, पण त्या अर्ध्या तासात माझं डोकं पायात होतं एवढं खरं.

परवा भाच्याबरोबर बूट घ्यायला गेलो तेव्हा हे सगळं आठवलं. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजांतला प्लेसमेंटचा हंगाम जुलै-ऑगस्टात, म्हणजे नेमका ऐन पावसात सुरू होतो. त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून आधीच ठरवून टाकलं होतं. ‘ऑक्सफर्डच घ्यायचे, मामा. इंटरव्ह्यूला तेच चालतात.’ मी म्हटलं, ‘आधी पाय दाखव.’

पाय आमच्या घराण्यातलाच निघाला. टाच बेताची, चवडा पसरट, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात बोटभर अंतर. बारावीपर्यंत गावाकडे चपलेत किंवा अनवाणी हिंडलेला पाय असा व्हायचाच. लहानपणापासून बुटांत राहिलेल्या पायापेक्षा तो पुढून रुंद असतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभर 79 ठिकाणी एक लाखावर लोकांचे पाय मोजले, तेव्हाही पायाची रुंदीच समोर आली. आपले पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा सरासरीने रुंद आहेत. त्यावरून ‘भा’ नावाची खास भारतीय मापपद्धतही सुचवली गेली आहे. व्हिडिओतले सल्ले मात्र बहुतेक लंडन-न्यूयॉर्कचे, तिकडच्या पायांसाठी आणि तिकडच्या हवेसाठी दिलेले. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

ऑक्सफर्ड आणि डर्बी हे दोन बूट शेजारी ठेवले तर लांबून जुळे वाटतात. दोन्ही काळे, दोन्ही नाडीचे. फरक बघायचा तर नाडी जिथे संपते ती जागा बघा. बोटांवरून वर येणारा चामड्याचा एक तुकडा असतो आणि टाचेकडून दोन्ही बाजूंनी पुढे येणाऱ्या दोन पाळ्या असतात. नाडीची भोकं या पाळ्यांवर असतात. ऑक्सफर्डमध्ये पाळ्यांची पुढची कड त्या पुढच्या तुकड्याच्या खाली शिवलेली असते, त्यामुळे नाडीचं तोंड फार उघडत नाही. डर्बीमध्ये पाळ्या वरून शिवलेल्या असतात. नाडी सैल केली की त्या दोन कवाडांसारख्या बाजूला होतात. थोडक्यात, ऑक्सफर्ड म्हणजे डोक्यातून घालायचा झब्बा आणि डर्बी म्हणजे पुढून बटणं असलेला शर्ट. पोट थोडं पुढे आलेल्या माणसाने यातलं काय निवडावं, हे सांगायला नको. पायालाही पोट असतं. घोट्याच्या पुढचा उंचवटा ज्याचा मोठा, त्याचा ऑक्सफर्ड नीट मिटतच नाही. नाडी आवळली तरी मध्ये इंग्रजी ‘व्ही’सारखी फट राहते आणि आतली जीभ दिसते. तो बूट मग भारीतला असला तरी मागून आणल्यासारखा दिसतो.

डर्बीचाच भाऊबंद असलेल्या बुटाला ब्लूखर हे नाव पडलं ते वॉटर्लूच्या लढाईतल्या ब्लूखर या प्रशियन सेनापतीवरून. सैनिकांना झटपट चढवता येतील असे उघड्या पाळ्यांचे बूट हवे होते. म्हणजे हा मुळात कामाचा बूट. याच कारणासाठी पोशाखाचे शास्त्री त्याला ऑक्सफर्डपेक्षा एक पायरी खाली ठेवतात. ही पायरी रात्रीच्या मेजवानीच्या कोटाला लागू आहे. पुण्यातल्या आयटी कंपनीत, बँकेत किंवा एमपीएससीच्या मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेला कोणी पाळी वरून शिवली आहे की खालून हे बघायला वाकत नाही. तो बघतो ते बूट स्वच्छ आहेत का आणि माणूस नीट चालतो आहे का. अरुंद पायाच्या माणसाने खुशाल ऑक्सफर्ड घ्यावा, फार देखणा बूट आहे. बाकीच्यांना माझा सल्ला एकच: साधा, काळा, नाडीचा, गोलसर पुढ्याचा डर्बी.

‘साधा’ याचा अर्थही सांगतो. काही बुटांवर बारीक भोकांची नक्षी असते. तिला ब्रोग म्हणतात. आयर्लंड-स्कॉटलंडच्या दलदलीत बुटात शिरलेलं पाणी बाहेर जावं म्हणून ती भोकं पाडत, असं सांगितलं जातं. आताची भोकं आरपार नसतात, नुसती शोभेची असतात. थोडी असली तर बिघडत नाही, पण जितकी जास्त तितका बूट समारंभाकडून सहलीकडे सरकतो. बोटांवर एक आडवी शिवण असेल तर ती चांगली दिसते. लांबलचक टोकदार पुढा टाळा. त्या टोकात बोटं पोचतच नाहीत, त्यामुळे माणूस जिना चढताना अडखळतो आणि कालांतराने टोक वर वळतं. सोनेरी बक्कल, चकचकीत पेटंट चामडं, दोन रंगांचा तळ ही सगळी वरातीची मंडळी. लोफर चालतील का, असंही पुष्कळ जण विचारतात. काही ठिकाणी चालतात. पण नाडी नसल्यामुळे लोफर पायावर टिकतो तो फक्त अचूक मापावर, आणि अचूक माप ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट.

तेव्हा माप. दुकानातले नंबर अजून ब्रिटिश पद्धतीचेच असतात. त्या पद्धतीचं मूळ जवाच्या दाण्यात आहे: एक दाणा म्हणजे इंचाचा तिसरा भाग, आणि तेवढाच एका नंबरातला फरक. जुन्या संस्कृत ग्रंथांतही आठ यवांचं एक अंगुल होतंच, तेव्हा धान्याने लांबी मोजणं आपल्यालाही परकं नाही. इंचाचा तिसरा भाग म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. सात नंबर घट्ट आणि आठ नंबर ढगळ होतो तो यामुळे. अर्धा नंबर मिळाला तर बघा, पण आपल्याकडे बऱ्याच दुकानांत तो नसतो. खोक्यावर 41-42 असे युरोपीय आकडेही असतात. तिथली पायरी सेंटिमीटरच्या दोन तृतीयांशाची, त्यामुळे दोन्ही पद्धती तंतोतंत जुळत नाहीत. एका कंपनीचा आठ तो दुसऱ्या कंपनीचा साडेसात निघतो, कारण प्रत्येकाचा फर्मा वेगळा. फर्मा म्हणजे ज्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर बूट ओढून बसवतात तो. नंबर म्हणजे फक्त सुरुवात. विदेशी बनावटीच्या काही बुटांवर नंबरापुढे एफ, जी, एच अशी अक्षरं असतात. ती रुंदीची. पुढचं अक्षर म्हणजे जास्त रुंद बूट.

आता दुकानात बसून काय करायचं ते सांगतो. जायचं संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो आणि मुलाखतीची पाळी बहुधा तीन तास थांबल्यावर येते. जाताना तेच मोजे न्यायचे जे त्या दिवशी घालणार आहोत. दुकानातल्या त्या नायलॉनच्या सार्वजनिक मोज्यात पाय खोटं बोलतो. दोन्ही पायांत बूट घालायचे. एक पाय दुसऱ्याहून थोडा मोठा असतोच, माप मोठ्याचं धरायचं. मग उभं राहायचं. बसून बूट बघणं म्हणजे पाय हवेत ठेवून तो किती जागा घेतो हे ठरवणं.

आमच्या दुकानातला विक्रेता साठीचा होता. त्याने भाच्याला उभं केलं, पुढ्यावर अंगठा दाबला आणि म्हणाला, ‘साहेब, बोट कुठे संपतं ते सांगा.’ सगळ्यात लांब बोटाच्या पुढे सेंटिमीटरभर जागा हवी. काहींचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब असतं, ते विसरू नका. मग त्याने भाच्याला चवड्यावर उभं राहायला सांगितलं. बूट वाकतो ती रेघ आणि पाय वाकतो ती रेघ एकाच जागी यायला हवी. इथे पहिल्या जोडाचं बिंग फुटलं: पाय वाकत होता करंगळीच्या सांध्यापाशी आणि बूट वाकत होता त्याच्या बोटभर मागे. ‘वापरून होईल की सैल,’ भाचा म्हणाला. म्हातारा हसला. ‘रुंदीला थोडा होईल. लांबीला कधीच होत नाही.’ हे वाक्य लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण ‘वापरून होईल’ म्हणत घेतलेले बूट महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत पलंगाखाली पडून असतात.

टाच मागे किंचित हलली तर चालेल. तळ लवचीक झाला की ते थांबतं. पण बोटभर वर येत असेल, तर तो बूट तुम्हाला चावणार. आणि दुकानातल्या गालिच्यावर नाही, फरशीवर चालून पाहा. गालिच्यावर सगळेच बूट मऊ.

चामड्याची पारख हे वेगळं प्रकरण. खोक्यावर ‘जेन्युइन लेदर’ लिहिलं आहे याचा अर्थ एवढाच की ते चामडं आहे. ते चांगलं आहे असं ते वाक्य म्हणत नाही. जनावराच्या कातडीचा वरचा थर सगळ्यात मजबूत. त्याच्या खालचा भाग चिरून, त्यावर प्लास्टिकचा लेप चढवून, नक्षी दाबून जे विकलं जातं तेही चामडंच. अंगठ्याने दाबून पाहा. चांगल्या चामड्यावर बारीक सुरकुत्यांचं जाळं उमटतं आणि सोडल्यावर विरतं. लेपाच्या मालावर एकच खड्डा पडतो किंवा काहीच होत नाही. कापलेली कड दिसत असेल तर तिथे तंतू दिसायला हवेत. एकसारखी गुळगुळीत कड दिसली की संशय घ्या. काही बुटांच्या तळाला किंवा आत छोटी चित्रं असतात. जनावराच्या पसरलेल्या कातड्याचं चित्र म्हणजे चामडं, जाळी म्हणजे कापड, शंकरपाळ्यासारखा चौकोन म्हणजे इतर काहीतरी, बहुतेक वेळा सिंथेटिक. वरचा भाग, अस्तर आणि तळ यांची चित्रं वेगवेगळी असतात, म्हणून तिन्ही बघा. वर चामडं आणि आत शंकरपाळा, असा प्रकार फार चालतो, आणि घाम येतो तो आत.

सिंथेटिकला मी नाक मुरडत नाही. खिशात हजार-बाराशे रुपये असतील तर त्या पैशांत चांगलं चामडं मिळत नाही, मग बऱ्यापैकी सिंथेटिक घ्यावं आणि निवांत व्हावं. पावसात ते उलट सोयीचं. त्याचं दुखणं एवढंच की ते पायाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे माप पहिल्या दिवशीच बरोबर हवं, आणि वर्षभरात वाकायच्या रेघेवर ते तडकतं. मित्राचे बूट मागून नेणं मात्र टाळा. आतला तळवा मूळ मालकाच्या पायाप्रमाणे दबलेला असतो. होस्टेलवर एकच चांगला जोड चौघांत फिरायचा आणि चौघेही लंगडत परत यायचे, हे मी पाहिलं आहे.

आता माझ्या त्या चुऱ्याकडे येतो. आपल्याकडच्या पुष्कळ बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो. दुकानात त्याला पीयू सोल म्हणतात. हलका, मऊ, स्वस्त. पण हवेतली आर्द्रता हळूहळू त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडते. बाहेरून काही दिसत नाही, आणि एके दिवशी चालायला लागलं की तळ खारीसारखा भुगा होतो. मुंबई-कोकणातली दमट हवा या कामात पटाईत. गंमत म्हणजे रोज वापरातल्या बुटांपेक्षा खोक्यात जपलेल्यांना हा रोग जास्त. म्हणून दोन गोष्टी करा. घरात जुना जोड असेल तर तळात नख रुतवून आणि बूट वाकवून पाहा. चिकट लागलं, भेग दिसली की त्याला निरोप द्या. नवा घेताना खोक्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा, बिस्किटाच्या पुड्यावर वाचतो तसं. भरघोस सवलतीतला जोड कधीकधी दुकानात तीन पावसाळे काढलेला असतो.

रबराचा किंवा टीपीआरचा, म्हणजे थर्मोप्लास्टिक रबराचा, तळ आपल्या हवेला जास्त मानवतो. चामड्याचा तळ देखणा असतो, पण ओल्या फरशीवर तो घसरवतो आणि पावसात पाणी पितो. जुलैतल्या मुलाखतीला तो नकोच. तळ शिवलेला की चिकटवलेला हेही बघावं, पण कडेला दिसणारा दोरा खराच असेल असं नाही. साच्यातच उमटवलेले खोटे टाके सर्रास असतात. चिकटवलेला बूट घेतला तरी हरकत नाही. कोपऱ्यावर बसणाऱ्या गटई काम करणाऱ्या काकांकडून तळाला कडेने टाके मारून घ्या. आमचे वडील नवा बूट घातला की पहिली फेरी तिकडेच मारत. फक्त आरीच्या भोकांतून थोडं पाणी आत येऊ शकतं, तेवढं लक्षात ठेवा.

रंगाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. एकच जोड घ्यायचा तर काळा. सरकारी, बँक, वकिली, सगळीकडे तो खपतो. गडद तपकिरी निळ्या पँटवर छान दिसतो, काळ्या पँटवर नाही. पट्टा बुटाच्या रंगाचा, मोजे पँटच्या रंगाचे. मोजे नडगीवर पोचतील इतके लांब हवेत, नाहीतर बसल्यावर पँट वर सरकते आणि केसाळ पाय मुलाखत देतो. आणि मोज्यांना भोक नको. आपल्याकडे प्रयोगशाळेत, सर्व्हर रूमबाहेर, काही शिक्षण संस्थांच्या कार्यालयांत ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ अशी पाटी असते. पाचशे पानांचा प्रोजेक्ट करणाऱ्या मुलाचा अंगठा तिथे बाहेर डोकावताना पाहिला आहे मी. कोल्हापुरीबद्दल विचाराल तर माझा जीव तिच्यात आहे, पण ती नोकरी लागल्यावर, शुक्रवारी, कुर्त्यावर.

बूट मुलाखतीच्या निदान दोन आठवडे आधी घ्या. पहिले चार दिवस फक्त घरात, अर्धा-अर्धा तास, मोजे घालून. तळ मळलेला जोड दुकानदार बदलून देत नाही, तेव्हा बिल सांभाळा आणि स्वच्छ फरशीवरच चाला. जमलं की मग बाजारात जा, जिना चढा, बसमध्ये उभे राहा. कुठे लागतं ते आधीच कळेल. तळावरचा किमतीचा स्टिकर काढायला विसरू नका. पायावर पाय टाकला की तो समोरच्याला वाचता येतो.

नाडीची एक खुबी सांगतो. बांधून झाल्यावर फुलाचे दोन कान बुटाच्या लांबीला, म्हणजे टाच-बोट दिशेने पडत असतील, तर गाठ चुकीची आहे आणि ती चालता चालता सुटणार. कान आडवे, डाव्या-उजव्या बाजूला पडायला हवेत. करायचं एवढंच की पहिला वेढा उलट दिशेने घ्यायचा: डावी नाडी वरून घेत असाल तर उजवी घ्या. बाकी सगळं नेहमीसारखं. भाच्याने आजवर चुकीची गाठ मारली होती. मी चाळीस वर्षं.

पॉलिश आदल्या रात्री करा. सकाळी घाईत केलं की पँटची किनार काळी होते. नाड्या काढा, धूळ ब्रशने झटका, डबीतलं मेणाचं पॉलिश फडक्याने अगदी थोडं लावून गोल गोल चोळा आणि दहा मिनिटं विसरून जा. मग ब्रश, जोरात आणि लांब हाताने. शेवटी सुती फडकं. थापून लावलेलं पॉलिश चमकत नाही, धूळ धरतं. स्पंजच्या बाटलीतलं पातळ पॉलिश अडचणीला ठीक, पण त्याचा पापुद्रा पुढे तडकतो. सिंथेटिकमध्ये मेण मुरत नाही, तिथे ओलं फडकं पुरे. आणि मुंबईत असाल तर हे सगळं जमलं नाही तरी बिघडत नाही. स्टेशनावर लाकडी पेटीवर ब्रशची टकटक ऐकू आली की पाय पुढे करा. पुन्हा टकटक झाली की दुसरा पाय. घरी वीस मिनिटं घासून जे होत नाही ते तिथे दोन मिनिटांत होतं.

पावसात बूट घालून निघूच नका. पिशवीत कापडात गुंडाळून न्या, पायात रबरी सँडल घाला, सोबत छोटा पंचा आणि मोज्यांचा कोरडा जोड ठेवा. इमारतीत शिरल्यावर पाय पुसा आणि कोपऱ्यात बदला. तरी भिजलेच, तर घरी आल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ते तासा-दोन तासांनी बदला आणि बूट पंख्याखाली सावलीत ठेवा. उन्हात किंवा इस्त्रीजवळ ठेवलेलं चामडं पापडासारखं होतं. ओले बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेत तर आठवड्यात बुरशी.

भाच्याने शेवटी डर्बीच घेतला, आठ नंबर, रबरी तळाचा, दोन हजार आठशेला. मुलाखतीहून आला तेव्हा मी पहिला प्रश्न बुटांचाच विचारला. ‘बूट? लक्षातच नव्हतं,’ म्हणाला. मला तेवढं पुरे होतं. फक्त आता एक करा: मुलाखत झाली, नोकरी लागली, ऑफिसात स्पोर्ट्स शूज चालतात म्हणून हा जोड खोक्यात घालून माळ्यावर टाकू नका. महिन्यातून एकदा तरी घालून बाहेर पडा.